लिनक्सवर इंटरनेट अडलं की ते नेमकं कुठे अडलंय हे कसं शोधायचं

‘नेट चालत नाही’ असं कळलं की बहुतेक जण लगेच काहीतरी बदलायला घेतात. राउटर बंद करून चालू करायचा, डीएनएस बदलायचा, कुठेतरी वाचलेल्या चार कमांड एकामागून एक टर्मिनलमध्ये चिकटवायच्या, आणि काहीच जमलं नाही तर लिनक्स नव्याने टाकायचं. यातून कधीकधी नेट सुरूही होतं, पण कशामुळे सुरू झालं ते कळत नाही. पुढच्या वेळी तोच बिघाड आला की पुन्हा तेवढीच धडपड. त्याहून वाईट म्हणजे मूळ बिघाड एकच असतो आणि या बदलाबदलीत त्यावर आणखी दोन चढतात. मग मूळचा कोणता आणि आपण घातलेला कोणता, हे ओळखणंच अवघड होऊन बसतं.

म्हणून या लेखात मी एकच आग्रह धरणार आहे: बिघाड कुठे आहे हे सापडेपर्यंत काहीही बदलायचं नाही, फक्त बघायचं.

तुमच्या कॉम्प्युटरपासून वेबसाइटपर्यंतची वाट ठरलेली आहे. आधी नेटवर्क कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर, मग केबल किंवा वायफायची जोडणी, मग आयपी ॲड्रेस, मग राउटर, मग राउटरच्या पलीकडचं इंटरनेट, मग नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस, आणि सगळ्यात वर ब्राउझरसारखा प्रोग्रॅम. वरची पायरी खालचीवर उभी असते. त्यामुळे तळापासून वर जायचं आणि प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारायचा: इथपर्यंत पोचतंय का? ज्या पायरीवर पहिल्यांदा ‘नाही’ येतं, बिघाड तिथे आहे. त्याच्या वरचं काहीही तपासण्यात अर्थ नाही.

कमांडबद्दल आधी एक खुलासा. इथे सगळ्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लिपीत टाइप करायच्या आणि अक्षरं लहान घ्यायची. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे. ‘आयपी ए’ म्हणजे आय, पी, रिकामी जागा, ए. ‘सुडो’ जिथे आहे तिथे ती कमांड ॲडमिनच्या अधिकाराने चालते आणि पासवर्ड मागते.

टर्मिनल उघडण्याआधी दोन प्रश्न

त्याच नेटवर्कवर दुसरं एखादं उपकरण, समजा फोन, चालतंय का? फोनचा मोबाइल डेटा बंद करून बघा, नाहीतर तो वायफायवर आहे असं वाटतं आणि प्रत्यक्षात पानं मोबाइल नेटवर्कवरून येत असतात. फोनवरही नेट नसेल तर लिनक्सला हात लावू नका, दोष राउटरमध्ये किंवा त्यापुढे आहे.

दुसरा प्रश्न: काल चालत होतं आणि आज नाही, तर मधे काय झालं? कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) अपडेट, नवा व्हीपीएन, बदललेला राउटर, दुसरी जागा. हे एका ओळीत कागदावर लिहून ठेवा. अर्ध्या तासाने ते लक्षात राहत नाही आणि नेमकं तेच लागतं.

कार्ड लिनक्सला दिसतंय का

टर्मिनलमध्ये लिहा:

आयपी एल

यादीत पहिलं नाव ‘एलओ’ असेल. तो कॉम्प्युटरचा स्वतःशी बोलण्याचा आतला मार्ग आहे, तो सोडून द्या. त्याखाली ‘ईएनपी३एस०’ किंवा ‘डब्ल्यूएलपी२एस०’ अशी नावं दिसतील. ‘ईएन’ने सुरू होणारं केबलचं कार्ड, ‘डब्ल्यूएल’ने सुरू होणारं वायफायचं. पुढची अक्षरं आणि आकडे कार्ड मदरबोर्डवर कोणत्या बसवर आणि कोणत्या जागी बसलंय ते सांगतात. पूर्वी ‘ईटीएच०’, ‘डब्ल्यूलॅन०’ अशी सोपी नावं असायची, पण ती कार्ड सापडण्याच्या क्रमावर ठरत. दोन कार्डं असली की रीस्टार्टनंतर नावांची अदलाबदल होऊ शकायची. २०१३ साली सिस्टमडीच्या (लिनक्स सुरू करून त्यातल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) १९७व्या आवृत्तीपासून ही जागेवर ठरणारी नावं आली. पुढच्या बऱ्याच कमांडमध्ये हे नाव लागेल, म्हणून आपल्या कार्डाचं नाव टिपून ठेवा.

यादीत ‘एलओ’शिवाय काहीच नसेल तर हार्डवेअर शोधावं लागेल:

एलएसपीसीआय -के

यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ किंवा ‘इथरनेट कंट्रोलर’ असा भाग शोधा. यूएसबीला लावलेलं कार्ड असेल तर ‘एलएसयूएसबी’ वापरा. इथे तीन शक्यता निघतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

कार्डाचं नावच यादीत नाही: ते बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) बंद केलेलं असू शकतं किंवा निसटलेलं असू शकतं. त्याच मशीनवर विंडोजही असेल तर तिथलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करून मशीन पूर्ण शटडाउन करा. ते चालू असताना विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही आणि कार्ड कधीकधी अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या हाती येतं.

नाव आहे, पण त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नाही: ड्रायव्हर लागलेला नाही. हे कर्नल अपडेटनंतर घडलं असेल तर ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना येणाऱ्या, मेनूतून जुनं कर्नल निवडून बघा. तिथे कार्ड चाललं तर बहुधा बाहेरून टाकलेला ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी तयार झालेला नाही. ‘डीकेएमएस स्टेटस’ ही कमांड ते दाखवते. ब्रॉडकॉमची काही वायफाय कार्डं कर्नलमधल्या ड्रायव्हरवर चालत नाहीत, त्यांना वेगळा बंदिस्त ड्रायव्हर लागतो. आणि सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल घेतच नाही, मग तो कितीदा इन्स्टॉल केला तरी उपयोग नाही.

ड्रायव्हरची ओळ आहे, तरी ‘आयपी एल’मध्ये कार्ड नाही: बहुतेकदा फर्मवेअर नाही. फर्मवेअर म्हणजे ड्रायव्हर दरवेळी कार्डात भरतो तो छोटा प्रोग्रॅम. कर्नल काय म्हणतंय ते असं बघा:

सुडो डीमेसग | ग्रेप -आय फर्मवेअर

मधली उभी रेघ म्हणजे पाइप, आणि ‘डीमेसग’ टाइप करताना डी, एम, ई, एस, जी. ‘फेल्ड टू लोड’ अशी ओळ आली की त्यातच हव्या त्या फाइलचं नाव असतं. डेबियनमध्ये इंटेलच्या वायफायसाठी ‘फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय’ आणि रिअलटेकसाठी ‘फर्मवेअर-रिअलटेक’ ही पॅकेजं आहेत. डेबियन १२पासून, म्हणजे २०२३पासून, अशी फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतात. त्याआधीच्या इन्स्टॉलरने टाकलेल्या मशीनवर ही अडचण फार दिसते. नेट नसताना पॅकेज आणायचं कसं? फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला ते साधं केबलचं कार्ड वाटतं आणि बहुधा काहीही न करता चालतं.

वायफाय कार्ड दिसतंय पण एकही नेटवर्क दाखवत नाही, असं असेल तर ‘आरएफकिल’ एवढंच लिहा. ‘सॉफ्ट’खाली ‘ब्लॉक्ड’ असेल तर सॉफ्टवेअरने बंद केलंय, ‘सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ने ते उघडतं. ‘हार्ड’खाली ‘ब्लॉक्ड’ असेल तर लॅपटॉपचं बटण, कडेचा स्विच किंवा बायोस यांपैकी कुणीतरी ते बंद केलंय. तिथे कोणतीही कमांड चालणार नाही.

जोडणी जुळली आहे का

पुन्हा ‘आयपी एल’कडे या. कार्डाच्या नावापुढे टोकदार कंसात काही शब्द असतात. तिथला ‘अप’ हा शब्द फसवा आहे. त्याचा अर्थ एवढाच की लिनक्सने कार्ड चालू केलंय. पलीकडे कुणी आहे का, हे ‘लोअर अप’ सांगतो. केबलच्या बाबतीत ‘नो-कॅरिअर’ दिसलं तर सरळ केबल, सॉकेट आणि राउटरचं पोर्ट बदलून बघा.

केबल जोडलेली आहे, चालतेही, पण वेग रडतखडत, अशा वेळी ‘सुडो ईथटूल ईएनपी३एस०’ चालवा आणि ‘स्पीड’ची ओळ वाचा. दोन्ही टोकांना १००० मेगाबिटची सोय असून तिथे १०० दिसत असेल तर केबल खराब आहे. १०० मेगाबिटला केबलमधल्या तारांच्या दोन जोड्या पुरतात, १०००ला चारही लागतात. एक तार तुटली की कार्ड गुपचूप खालच्या वेगावर उतरतं आणि दोष मात्र इंटरनेट कंपनीवर जातो.

वायफायसाठी:

आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० लिंक

‘नॉट कनेक्टेड’ आलं तर जोडणी झालेलीच नाही. जोडणी असेल तर ‘सिग्नल’ची ओळ बघा. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. -५० उत्तम, -७०ला अडखळायला लागतं, -८०ला जोडणी दिसते पण काम होत नाही. ‘फ्रीक्वेन्सी’ २४००च्या घरात असेल तर तुम्ही २.४ गिगाहर्ट्झवर आहात. तिथे एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ आणि ११. आजूबाजूला दहा राउटर असले की हा पट्टा गजबजतो. मग ५ गिगाहर्ट्झवर जाणं हा ड्रायव्हरशी झटापट करण्यापेक्षा चांगला उपाय असतो. एक राउटर फोनला दिसतो आणि लॅपटॉपला नाही, असं झालं तर तो १२ किंवा १३व्या वाहिनीवर आहे का ते बघा. लॅपटॉपवर देशाची नोंद चुकीची असेल तर या वाहिन्या त्याला वापरताच येत नाहीत. ‘आयडब्ल्यू रेग गेट’ ती नोंद दाखवते.

पासवर्ड बरोबर असूनही वायफाय जोडणी नाकारत असेल तर लॉग वाचा:

जर्नलसीटीएल -बी -यू नेटवर्कमॅनेजर

नेटवर्कमॅनेजर म्हणजे जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम. हे नाव इंग्रजीत एकसंध लिहायचं, त्यातली एन आणि एम ही अक्षरं मोठी. ‘-बी’मुळे फक्त या वेळच्या बूटपासूनच्या नोंदी येतात. शेवटच्या तीसचाळीस ओळी शांतपणे वाचा. नवख्यांना लॉगची भीती वाटते, पण कारण बहुधा तिथे सरळ लिहिलेलं असतं.

आयपी ॲड्रेस मिळाला आहे का

आयपी ए

कार्डाखाली ‘आयनेट’ने सुरू होणारी ओळ शोधा. ‘आयनेट६’ वेगळं, ते आत्ता नको. घरगुती राउटरच्या मागे पत्ता १९२.१६८ने, १०ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी कशाने तरी सुरू होतो. हे तीन पट्टे खासगी नेटवर्कसाठी राखलेले आहेत.

ओळच नसेल, किंवा पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. हे वाटप डीएचसीपी करतं. कॉम्प्युटर हाक मारतो, राउटर एक पत्ता देऊ करतो, कॉम्प्युटर तो मागतो आणि राउटर मंजूर करतो. या चार पावलांपैकी एक चुकलं की पत्ता नाही. १६९.२५४चा पत्ता म्हणजे कुणीच उत्तर न दिल्यावर कॉम्प्युटरने स्वतःच घेतलेला पत्ता, त्याने इंटरनेटला जाता येत नाही. नेटवर्कमॅनेजर असा पत्ता सहसा घेत नाही. तो ४५ सेकंद वाट बघतो आणि जोडणी सोडून देतो. त्यामुळे ‘जोडतोय, जोडतोय, तुटलं’ असं चक्र दिसलं की संशय डीएचसीपीवर घ्या.

आता हे बघा:

एनएमसीएलआय डी

तुमच्या कार्डापुढे ‘अनमॅनेज्ड’ दिसलं तर नेटवर्कमॅनेजर त्या कार्डाला हातच लावत नाहीये. डेबियनमध्ये याचं नेहमीचं कारण म्हणजे /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस या फाइलमध्ये त्या कार्डाचं नाव असणं. तिथे नाव असलं की नेटवर्कमॅनेजर बाजूला होतो. उबंटूच्या सर्व्हर आवृत्तीत कार्ड सिस्टमडी-नेटवर्कडी या दुसऱ्या व्यवस्थापकाच्या ताब्यात असतं. कोणता व्यवस्थापक वापरायचा हे तुम्ही ठरवा, पण एका कार्डाला एकच ठेवा. दोघे एकाच कार्डावर काम करायला लागले की कधी चालतं, कधी नाही, आणि कारण सापडता सापडत नाही.

एकच व्यवस्थापक आहे तरी पत्ता नाही? मग जोडणी उतरवून पुन्हा चढवा. ‘एनएमसीएलआय सी’ने जोडणीचं नाव कळेल, त्यानंतर ‘एनएमसीएलआय सी अप’ आणि ते नाव. तरीही नाही तर राउटरकडे वाटायला पत्ते उरले आहेत का, आणि त्यात ठरावीक उपकरणांनाच प्रवेश देणारी मॅक यादी आहे का, हे तपासा. मॅक ॲड्रेस म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक. नेटवर्कमॅनेजरमध्ये मॅक ॲड्रेस बदलत राहण्याची सोय आहे. ती चालू असेल तर अशा यादीत नोंद करूनही तुमचं मशीन राउटरला परकंच वाटतं.

उलट, कधीकाळी हाताने घातलेला पत्ता तसाच राहून गेलेला असतो आणि राउटर बदलल्यावर तो नव्या नेटवर्कशी जुळत नाही. तोच पत्ता दुसऱ्या एखाद्या उपकरणालाही मिळाला असेल तर मिनिटभर चालतं, मिनिटभर बंद, असा त्रास होतो.

राउटरपर्यंत पोचतंय का

आयपी आर

यातली ‘डीफॉल्ट व्हाया’ने सुरू होणारी ओळ महत्त्वाची. त्यापुढचा पत्ता तुमच्या राउटरचा, समजा १९२.१६८.१.१. ही ओळच नसेल तर बाहेर जायचा रस्ता मशीनला माहीत नाही, आणि ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ असा संदेश येतो तो त्यामुळेच. ओळ असेल तर:

पिंग -सी ४ १९२.१६८.१.१

‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आलं आणि उत्तर देणारा पत्ता तुमच्याच मशीनचा असेल, तर राउटरचा मॅक ॲड्रेसच सापडलेला नाही. ‘आयपी एन’ लिहून बघा, राउटरच्या पत्त्यापुढे ‘फेल्ड’ किंवा ‘इनकम्प्लीट’ असेल. म्हणजे बिघाड जोडणीत आहे, किंवा तुम्ही चुकीच्या नेटवर्कवर आहात.

एक सापळा मात्र फार जणांना अडकवतो. ‘आयपी आर’मध्ये ‘डीफॉल्ट’च्या दोन ओळी असू शकतात, एक केबलची, एक वायफायची. त्यापुढे ‘मेट्रिक’ असतं आणि ज्याचं मेट्रिक कमी तो रस्ता जिंकतो. नेटवर्कमॅनेजर केबलला १०० देतो आणि वायफायला ६००. आता समजा तुम्ही इंटरनेट नसलेला एखादा स्विच किंवा उपकरण केबलने लॅपटॉपला जोडलं आणि त्याने स्वतःला राउटर म्हणून जाहीर केलं. वायफाय ठणठणीत, सिग्नल पूर्ण, पण सगळी रहदारी केबलकडे वळून तिथेच संपते. केबल काढली की नेट परत येतं! अशा जोडणीला बाहेरचा रस्ता बनू देऊ नका:

एनएमसीएलआय सी मॉड ‘जोडणीचं नाव’ आयपीव्ही४.नेव्हर-डीफॉल्ट यस

तसंच अर्धवट बंद झालेल्या व्हीपीएनची ‘टन०’सारख्या नावाची ओळ तिथे उरली आहे का बघा. डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यांत चालवण्याची सोय) वापरत असाल तर तो आपल्यासाठी १७२.१७चा पट्टा घेतो. तुमच्या ऑफिसचं नेटवर्कही त्याच पट्ट्यात असेल तर तिथले पत्ते डॉकर आपल्याकडे ओढून घेतो आणि बाकी इंटरनेट मात्र व्यवस्थित चालतं.

राउटरच्या पलीकडे

पिंग -सी ४ १.१.१.१

मुद्दाम नाव न देता आकडी पत्ता द्यायचा, म्हणजे डीएनएस यात येत नाही. ९.९.९.९ किंवा ८.८.८.८ही चालेल. दोन तरी करून बघा. राउटर उत्तर देतो आणि यांतलं एकही देत नाही, तर बिघाड राउटर आणि इंटरनेट कंपनी यांच्यामध्ये आहे. काही ऑफिसांत पिंग मुद्दाम अडवलेलं असतं, तिथे ‘कर्ल -मोठा आय एचटीटीपीएस://१.१.१.१’ करून खात्री करा.

‘ट्रेसपाथ १.१.१.१’ वाटेतले थांबे दाखवतं. मधल्या एखाद्या थांब्याने उत्तर दिलं नाही म्हणून घाबरू नका, बरेच राउटर अशा चौकशीला उत्तर देतच नाहीत. शेवटपर्यंत पोचलं की पुरे. सार्वजनिक वायफायवर असाल तर आधी लॉगिनचं पान उघडावं लागतं. ‘एनएमसीएलआय एन कनेक्टिव्हिटी’ला ‘पोर्टल’ असं उत्तर आलं तर तेच कारण.

नावाचा पत्ता सापडतोय का

आकडी पत्त्याला पिंग जातं आणि नावाला ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रेझोल्यूशन’ येतं, म्हणजे डीएनएस. इथे थोडं थांबू या, कारण लिनक्सवर सर्वात जास्त चुकीच्या दुरुस्त्या याच पायरीवर होतात.

पूर्वी सगळं सोपं होतं. /ईटीसी/रेझॉल्व्ह.कॉन्फ या फाइलमध्ये ‘नेमसर्व्हर’ आणि एक पत्ता, संपलं. आज उबंटू आणि फेडोरासह अनेक डिस्ट्रोंमध्ये, म्हणजे लिनक्सच्या प्रकारांमध्ये, ही खरी फाइल नसून दुसरीकडे बोट दाखवणारा दुवा असतो आणि तिच्यात १२७.०.०.५३ असा पत्ता दिसतो. फेडोराने २०२०च्या ३३व्या आवृत्तीत हा बदल केला. हा पत्ता पाहून लोकांना वाटतं की काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं नाही. तुमच्याच मशीनवर चालणाऱ्या सिस्टमडी-रेझॉल्व्हडी या मदतनिसाचा तो पत्ता आहे. प्रोग्रॅम त्याला विचारतात आणि तो खऱ्या सर्व्हरला विचारतो. खरा सर्व्हर कोणता ते असं कळतं:

रेझॉल्व्हसीटीएल स्टेटस

म्हणून रेझॉल्व्ह.कॉन्फमध्ये हाताने पत्ता लिहिणं टिकत नाही. पुढच्या जोडणीला किंवा रीस्टार्टला तो पुसला जातो. मग कुणीतरी सल्ला देतं की फाइलला ‘चॅटर’ने कुलूप लावा. कृपया लावू नका. त्या दिवशी नेट चालेल, पण काही महिन्यांनी व्हीपीएन किंवा ऑफिसचं वायफाय आपला डीएनएस लिहू शकणार नाही आणि तुम्ही कुलूप विसरलेले असाल. मी असं कुलूप लावलेली मशीनं दुरुस्त केली आहेत. कारण सापडायला प्रत्येक वेळी तासच्या तास गेले, कारण ती फाइल वरून अगदी साधी दिसते.

योग्य जागा म्हणजे जोडणीची स्वतःची नोंद:

एनएमसीएलआय सी मॉड ‘जोडणीचं नाव’ आयपीव्ही४.डीएनएस ९.९.९.९
एनएमसीएलआय सी मॉड ‘जोडणीचं नाव’ आयपीव्ही४.इग्नोर-ऑटो-डीएनएस यस

आणि मग ‘सी अप’ने जोडणी पुन्हा चढवा. त्याआधी दोष सर्व्हरचा की मशीनचा हे ठरवा. त्यासाठी दोन कमांडचा फरक फार उपयोगी पडतो. ‘डिग @९.९.९.९’ आणि पुढे वेबसाइटचं नाव, ही कमांड मशीनची सगळी व्यवस्था ओलांडून थेट त्या सर्व्हरला विचारते. ‘गेटएन्ट होस्ट्स’ आणि तेच नाव, ही कमांड मात्र बहुतेक प्रोग्रॅम ज्या वाटेने जातात त्याच वाटेने जाते. डिग चाललं आणि गेटएन्ट नाही, तर दोष तुमच्या मशीनच्या मांडणीत. व्हीपीएनचा प्रोग्रॅम काढताना रेझॉल्व्ह.कॉन्फचा दुवा तुटला असेल, किंवा रेझॉल्व्हडीच बंद असेल. दोन्ही चाललं नाही तर बाहेर जाणारी ५३ क्रमांकाच्या पोर्टवरची, म्हणजे डीएनएसची, रहदारीच अडते आहे.

एकच साइट भलतीकडे जात असेल तर /ईटीसी/होस्ट्स फाइल उघडा. कधीतरी चाचणीसाठी लिहिलेली ओळ तिथे राहिलेली असते. ब्राउझरमध्ये सगळं उघडतं पण टर्मिनलमध्ये अपडेट होत नाही, याचंही कारण बऱ्याचदा डीएनएसच असतं. फायरफॉक्ससारख्या ब्राउझरला स्वतःचा सुरक्षित डीएनएस वापरता येतो, तो मशीनच्या बिघडलेल्या व्यवस्थेला विचारतच नाही. आणि ऑफिसातली ‘.लोकल’ने संपणारी नावं सापडत नसतील तर लक्षात घ्या की तो शेवट एमडीएनएससाठी, म्हणजे त्याच नेटवर्कवरच्या उपकरणांनी एकमेकांना थेट नावाने शोधण्यासाठी, राखून ठेवलेला आहे. अशी नावं बरीच लिनक्स मशीनं नेहमीच्या डीएनएस सर्व्हरला विचारत नाहीत.

सगळं चालतं, तरी काही गोष्टी चालत नाहीत

घड्याळ. एकदा एका जुन्या लॅपटॉपवर मी अख्खी संध्याकाळ डीएनएस आणि फायरवॉल तपासत बसलो होतो. पिंग जात होतं, नावं सापडत होती, पण एकही सुरक्षित पान उघडत नव्हतं. मदरबोर्डवरची बॅटरी संपल्यामुळे तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती. वेबसाइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, आणि तुमच्या मशीनच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. ‘टाइमडेटसीटीएल’ चालवून तारीख बघायला पाच सेकंद लागतात. तेव्हापासून मी हे आधी बघतो.

एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा (पाठवायच्या माहितीच्या एका तुकड्याचा) कमाल आकार. पिंग उत्तम, छोटी पानं उघडतात, मोठी अर्ध्यावर लटकतात, फाइल पाठवताना थांबते. व्हीपीएनवर हे हमखास होतं. साध्या इथरनेटवर एका पॅकेटचा आकार १५०० बाइटपर्यंत असतो, पीपीपीओई (काही इंटरनेट कंपन्यांच्या लॉगिनच्या) जोडणीवर १४९२, आणि वायरगार्ड हा व्हीपीएन स्वतःसाठी १४२० धरतो. वाटेत कुठेतरी जागा कमी असली आणि तसं कळवणारा संदेश फायरवॉलने अडवला की मोठी पॅकेटं मुकाट्याने गळतात. तपासा असं, यातला ‘एम’ मोठा:

पिंग -एम डू -एस १४७२ १.१.१.१

१४७२मध्ये २८ बाइटची शीर्षकं मिळवली की १५०० होतात. उत्तर आलं नाही तर आकडा कमी करत जा. जो सर्वात मोठा आकडा चालेल त्यात २८ मिळवा, तो तुमचा एमटीयू. ‘सुडो आयपी लिंक सेट डब्ल्यूएलपी२एस० एमटीयू १४००’ असं तात्पुरतं लावून फरक पडतो का बघा.

आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत. पान उघडायला दरवेळी बरेच सेकंद लागतात आणि मग झटकन उघडतं. ‘कर्ल -४’ आणि ‘कर्ल -६’ अशा दोन्ही प्रकारे एकाच साइटला विचारा. ६ अडत असेल तर राउटर आयपीव्ही६चा पत्ता देतोय पण रस्ता देत नाहीये.

प्रॉक्सी, म्हणजे रहदारी ज्याच्यामार्फत जाते तो मधला सर्व्हर. ‘एन्व्ह | ग्रेप -आय प्रॉक्सी’. जुन्या ऑफिसचा पत्ता तिथे उरलेला असेल तर काढून टाका.

फायरवॉलवर मी सगळ्यात शेवटी येतो, कारण बहुतेक डिस्ट्रो बाहेर जाणारी रहदारी अडवतच नाहीत. तुम्ही स्वतः नियम लिहिले असतील तरच ‘सुडो एनएफटी लिस्ट रूलसेट’ वाचा.

मधूनच तुटत असेल तर

सगळ्यात चिवट बिघाड हाच, कारण तपासायला बसलं की सगळं चालू असतं. दोन टर्मिनल शेजारी उघडा. एकात राउटरला पिंग, दुसऱ्यात १.१.१.१ला, दोन्ही न थांबवता. ‘-सी ४’ काढून ‘-मोठा डी’ लावलं की प्रत्येक ओळीपुढे वेळ येते. पुढच्या वेळी तुटेल तेव्हा दोन्ही थांबले की फक्त दुसरं, हे कळलं की अर्धं काम झालं. दोन्ही थांबले तर दोष तुमच्या वायफाय किंवा केबलमध्ये, फक्त दुसरं थांबलं तर राउटरच्या पलीकडे. वेळ टिपा आणि त्याच मिनिटाच्या नोंदी ‘जर्नलसीटीएल’मध्ये वाचा.

लॅपटॉप बॅटरीवर असतानाच किंवा थोडा वेळ न वापरल्यावर वायफाय सुस्तावत असेल तर वीजबचत बंद करून बघा:

सुडो आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० सेट पॉवर_सेव्ह ऑफ

फरक पडला तर ते कायमचं करण्यासाठी /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी या फोल्डरमध्ये एक फाइल तयार करा. तिच्यात चौकोनी कंसात ‘कनेक्शन’ आणि खालच्या ओळीत ‘वायफाय.पॉवरसेव्ह = २’ असं लिहा. २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू.

हा तात्पुरत्या आणि कायमच्या बदलाचा फरक सगळीकडे लागू आहे. ‘आयपी’ आणि ‘आयडब्ल्यू’ने केलेले बदल रीस्टार्टनंतर जातात, म्हणून प्रयोग त्यांच्याने करा. ‘एनएमसीएलआय सी मॉड’ने केलेले राहतात, म्हणून ते खात्री झाल्यावर करा.

इतकं करूनही सुटलं नाही आणि कुणाला विचारायचं ठरवलं, तर ‘नेट चालत नाही’ एवढंच लिहू नका. डिस्ट्रो आणि तिची आवृत्ती, ‘युनेम -आर’ने आलेली कर्नलची आवृत्ती, ‘एलएसपीसीआय -के’मधला कार्डाचा भाग, ‘आयपी ए’ आणि ‘आयपी आर’चं संपूर्ण उत्तर, राउटरला, १.१.१.१ला आणि एका नावाला केलेल्या तीन पिंगचे निकाल, आणि सुरुवातीला कागदावर टिपलेली ‘मधे काय झालं’ची ती ओळ. हे स्क्रीनचे फोटो काढून देऊ नका, मजकूर म्हणून द्या, म्हणजे समोरच्याला त्यात शोधता येईल. देण्याआधी मॅक ॲड्रेस, वायफायचं नाव आणि तुमचा सार्वजनिक पत्ता तेवढा खोडा. १९२.१६८चे पत्ते तसेच राहू द्या, ते झाकले की मदत करणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही.